पोरगं दार आपटून आत गेलं, आता पुढे काय?

आमच्याकडचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका चार्जरवरून. थोरला तेव्हा 14 वर्षांचा. मी एवढंच म्हटलं की माझा चार्जर जिथून उचललास तिथेच परत ठेवत जा ना रे, आणि पुढच्या मिनिटाला चार्जर भिंतीवर, पोरगं खोलीत, दार धाडकन बंद, आणि मी दाराबाहेर उभी राहून ओरडतेय की उघड, आधी उघड म्हणते ना. तो उघडेना तेव्हा मी त्याच्या महिनाभराच्या चुकांची यादी दाराबाहेरूनच वाचून दाखवली. मार्क, उशिरा उठणं, आजीला दिलेलं उलट उत्तर, सगळं. चार्जर राहिला बाजूलाच.

आता तो 17 चा आहे आणि धाकटी 13 ची, म्हणजे दुसरी फेरी सुरू झालीये. मधल्या काळात काउन्सेलरकडे बसले, बरंच वाचलं, त्याहून जास्त चुका केल्या, आणि त्यातून एकच गोष्ट पक्की कळली की भडका उडालेला असताना मुलाला काहीही शिकवता येत नाही. शिकवायचं, समजवायचं, नियम सांगायचे, शिक्षा ठरवायची, जे काय असेल ते भडक्याच्या आधी नाहीतर नंतर. मधल्या वेळात आपलं काम फक्त आणखी मोडतोड होऊ न देणं, सामानाची पण आणि नात्याची पण. खालचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी डोक्यात काय चाललंय ते

मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा एक भाग असतो, धोका दिसला की तो भोंगा वाजवतो. आणि कपाळाच्या मागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स असतो, तो म्हणतो थांब, बघू तरी खरंच काही आहे का. मोठ्या माणसात हे दोघं बऱ्यापैकी जोडीने काम करतात. वयात येणाऱ्या मुलात भोंगा जोरात असतो आणि थांब म्हणणारा अजून पिकतोय, तो पूर्ण पिकायला साधारण पंचविशी उजाडते. त्यामुळे 14-15 वर्षांचं पोर शांत असताना आपल्याला लाजवेल इतकं समंजस बोलतं आणि तेच पोर दहा मिनिटांनी डोक्यात राख घालून घेतं, यात नाटक काही नसतं, दोन्ही खरंच असतं.

भोंगा वाजला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, श्वास वरवर होतो, हाताच्या मुठी आपोआप वळतात. हे सगळं खाली यायला निदान वीस मिनिटं तरी लागतात, आणि मुलगा आत बसून तेच तेच मनात घोळवत असेल किंवा आपण दाराबाहेरून नवीन मुद्दे पुरवत असू तर घड्याळ परत शून्यावर. म्हणजे मी त्या दिवशी यादी वाचत होते तेव्हा दर वाक्याला वीस मिनिटं वाढवत होते.

हार्मोन्सवर सगळं ढकलायची पद्धत आहे पण मला तो थोडा आळशीपणा वाटतो. त्यांचा हात असतोच, पण त्यांच्यावर आपला काही ताबा नाही. झोपेवर थोडाफार आहे. या वयात शरीराचं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलॅटोनिन उशिरा सुटतं, त्यामुळे रात्री अकरापर्यंत डोळे टक्क उघडे आणि सकाळी शाळेच्या वेळी प्रेत. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. तुमच्या मुलाची गेल्या आठवड्यातली खरी झोप एकदा मोजा, बहुतेक घरात उत्तर तिथेच सापडतं, निदान अर्धं तरी. रात्री फोन खोलीच्या बाहेर चार्जिंगला ठेवायचा नियम आमच्याकडे त्यावरूनच आला, आणि तो आम्हा दोघांनाही लागू आहे, नाहीतर कोण ऐकतंय.

राग कशाचा आहे ते शोधायचं कसं

चार्जरचा राग चार्जरचा नव्हता हे तर तुम्हालाही कळलं असेल. मला कळायला तीन आठवडे लागले. त्याच्या मित्रांनी त्याला वगळून वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता आणि त्याला ते त्याच दिवशी कळलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर. आणि ते आपल्यावरच का निघतं, तर घर ही एकच जागा आहे जिथे राग काढला तरी कोणी आपल्याला सोडून जाणार नाही अशी खात्री असते. ऐकायला बरं वाटतं, सोसायला नाही.

या वयातल्या रागाखाली बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं. लाज, चारचौघात झालेला अपमान, नापास व्हायची भीती, एकटं पडणं, कोणीतरी आवडणं आणि त्याचं काही न होणं, किंवा साधी भूक आणि थकवा. रडणं कमीपणाचं वाटतं, चिडणं वाटत नाही, म्हणून सगळं रागाच्या वाटेने बाहेर येतं. मुलग्यांच्या बाबतीत तर फारच, कारण आपणच लहानपणापासून त्यांना रडतोस काय मुलीसारखा म्हणून बाकीच्या वाटा बंद करून ठेवलेल्या असतात.

हे शोधायला सरळ प्रश्न कामाला येत नाही. का चिडलास, याला उत्तर 'काही नाही' हेच मिळणार. त्यापेक्षा दोन आठवडे गुपचूप नोंद ठेवा. प्रत्येक भडक्याला चार गोष्टी: वार आणि वेळ, त्याच्या आधी नक्की काय घडलं, त्याने काय केलं, आणि त्यावर आपण काय केलं. चौथा रकाना टाळू नका, तोच लिहायला जड जातो. माझ्या वहीत दोन आठवड्यात नऊ भडके झाले, त्यातले सहा संध्याकाळी शाळेतून आल्याबरोबरच्या अर्ध्या तासातले, आणि त्या सहाच्या सहा वेळी माझं पहिलं वाक्य प्रश्न होतं. अभ्यास दिलाय का, डबा संपवलास का, पेपर मिळाला का. पोरगं बूट काढत असायचं आणि मी उलटतपासणी घ्यायचे.

मग मी एवढंच केलं की तो आल्यावर पहिला अर्धा तास प्रश्न विचारायचा नाही. खायला समोर ठेवायचं, हो का, बरं, एवढंच बोलायचं. भडके बंद झाले नाहीत पण त्या वेळचे तरी निम्म्याहून कमी झाले, आणि हे त्याला एक शब्दही न शिकवता.

प्रत्यक्ष भडका उडाला की

पहिलं म्हणजे आवाज. तो चढला की आपला उतरवायचा, मुद्दाम, अगदी कृत्रिम वाटलं तरी. आपलं डोकं फिरलेलं असताना हे जवळजवळ अशक्य वाटतं म्हणून मी एक साधी युक्ती करते, जिथे असेन तिथे खाली बसते. उभं राहून कमरेवर हात ठेवून हळू बोलता येत नाही, बसून ओरडायला पण जरा कठीण जातं.

दुसरं, शब्द कमी. त्या वेळी मुलाच्या डोक्यात लांब वाक्य शिरतच नाही. 'तू खूप चिडलायस, दिसतंय मला. आत्ता नको, अर्ध्या तासाने बोलू.' बास. शांत हो असं सांगून आजवर जगात कोणी शांत झालेलं नाही, स्वतःवर आठवून बघा. 'यात एवढं चिडण्यासारखं काय आहे', 'हे बघ, तुझं नेहमीचंच आहे', 'तुझ्या वयाचे असताना आम्ही' ही तिन्ही वाक्यं म्हणजे आगीत तेल. आणि टोमणा तर अजिबातच नाही. टोमणा मुलं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, आपण काय बोललो ते आपण संध्याकाळपर्यंत विसरलेले असतो.

तिसरं, प्रेक्षक हटवा. आजी, बहीण, घरी आलेला पाहुणा, यातलं कोणी समोर असेल तर मुलगा माघार घेणार नाही, कारण मग ती हार ठरते. दुसऱ्यांना बाहेर न्या, त्याला ओढू नका.

आणि जाणाऱ्याला जाऊ द्या. तो स्वतःहून उठून खोलीत गेला तर तो त्याच्या परीने ब्रेकच लावतोय, त्याच्या मागे जाऊन दार उघड म्हणणं किंवा वाट अडवून उभं राहणं किंवा दंड धरणं याने बोलाचालीची मारामारी होते. दार आपटण्याबद्दल बोलायचंय ना, बोला, उद्या. एकच अपवाद, तो स्वतःला किंवा कुणाला इजा करेल असं वाटलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, धारदार वस्तू, औषधं वगैरे बाजूला करायची आणि सरळ मदत बोलवायची.

आता यातली सगळ्यात अवघड गोष्ट. समजा मी गेमचा वेळ संपला म्हणून वायफाय बंद केलं, त्याने आदळआपट सुरू केली, वीस मिनिटं तणतण ऐकून माझं डोकं उठलं आणि मी म्हटलं घे बाबा, अर्धा तास घे आणि माझी पाठ सोड. त्या क्षणी घरात शांतता होते आणि दोघांना दोन धडे मिळतात. त्याला कळतं की वीस मिनिटं ओरडलं की वायफाय मिळतं, मला कळतं की दिलं की आवाज बंद होतो. पुढच्या वेळी मी पंचवीस मिनिटं ताणून धरते, तो पंचवीस मिनिटं ओरडतो. जेराल्ड पॅटरसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घराघरातला हा सापळा फार बारकाईने मांडून ठेवलाय, मला त्यात स्वतःचं घर दिसलं. यावर उपाय दोनच, एकतर पहिल्याच मिनिटाला विचार करून हो म्हणा, किंवा नाही म्हटलंय तर शेवटपर्यंत नाहीच, पण न ओरडता. मधेच आवाजाला घाबरून हो म्हणायचं नाही. म्हणून मी हल्ली नाही म्हणायच्या आधी जरा थांबते, हे खरंच नाही म्हणण्याएवढं महत्त्वाचं आहे का बघते, आणि बऱ्याच वेळा नसतं. केस कसे कापायचे, खोलीत पसारा किती, काळेच टीशर्ट का, हे सगळं मी सोडून दिलं.

उशीला गुद्दे मारायला सांगू नका

हे फार जण सांगतात, राग आत दाबू नकोस, काढून टाक, उशी बडव, जोरात किंचाळ. मी पण सांगितलं होतं. हे उलटं पडतं. ब्रॅड बुशमन नावाच्या संशोधकाने 2002 मध्ये कॉलेजच्या 600 मुलामुलींवर प्रयोग केला, आधी त्यांना चिडवलं, मग काहींना ज्याचा राग आलाय त्याचा विचार करत पंचिंग बॅगला ठोसे मारायला लावलं, काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी झाला नाही, उलट तेच जास्त चिडलेले राहिले, नुसते बसलेले बरे होते. 2024 मध्ये 154 अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा पण तेच निघालं, शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही, शरीर थंड करणाऱ्या गोष्टींनी उतरतो. पळायला जाण्याने सुद्धा राग उतरेलच असं नाही. व्यायाम रोज करावा, मूडला आणि झोपेला चांगलाच आहे, पण डोकं फिरलंय त्या क्षणाचं औषध म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका.

मग थंड करायचं कसं? श्वास आत चार मोजेपर्यंत आणि बाहेर सहा किंवा आठ मोजेपर्यंत, बाहेरचा लांब हवा, त्यानेच ठोके हळू होतात. दोन-तीन मिनिटं करायचं, दोन-तीन श्वास नाही. ज्या मुलाला श्वास वगैरे म्हटलं की 'आई काय हे बोर' होतं (आमचा), त्याला मुठी पाच सेकंद गच्च आवळून एकदम सोडायला सांगा, मग खांदे, मग जबडा. थंड पाण्याने तोंड धुणं हे पण बऱ्याच जणांना चालतं. धाकटी वहीच्या मागच्या पानावर गिरगटते, काय लिहिते मी कधी बघितलं नाही आणि बघणार नाही.

आणखी एक म्हणजे रागाला नीट नाव देणं. आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत बघा, वैताग, चीड, संताप, रुसवा, जळफळाट, घुसमट, आणि मुलांकडे मात्र एकच शब्द असतो, 'डोकं फिरलंय'. भावनेला शब्दात मांडलं की अमिग्डालाची खळबळ कमी होते हे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. म्हणून आम्ही नंतर बोलताना विचारतो, वैताग होता का अपमान वाटला? थोरला एकदा बराच वेळ विचार करून म्हणाला, 'अपमान नाही गं, मला तिथे नसल्यासारखं वाटलं.' त्याला मी काय उत्तर देणार होते.

यातलं काहीही भडक्याच्या वेळी पहिल्यांदा सुचवायचं नाही. चिडलेल्या मुलाला लांब श्वास घे म्हणाल तर तुम्हाला पण फेकून मारेल. निवांत असताना, रविवारी वगैरे, दोघांनी मिळून करून बघायचं, त्यालाच निवडू द्यायचं कुठलं जमतं ते, आणि एक खुणेचा शब्द ठरवायचा. आमचा शब्द 'पॉज' आहे. दोघांपैकी कोणीही म्हणू शकतो आणि म्हटला की समोरच्याने वाक्य अर्धवट सोडायचं, फक्त जो म्हणेल त्यानेच नंतर तासाभरात परत विषय काढायचा, नाहीतर तो पळून जायचा मार्ग होतो. सुरुवातीला त्याने तो दिवसातून पाच वेळा वापरला, मला गप्प करायला. सोडून दिलं, आठवड्यात नवलाई संपली.

नंतरचं बोलणं

हा भाग लोक गाळतातच. भांडण मिटलं ना, आता कशाला कोळसा उगाळा. पण शिकणं जे काही होतं ते इथेच.

समोरासमोर बसवून डोळ्यात डोळे घालून बोलू नका, त्याला ती चौकशी वाटते. गाडीत, चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, दोघांची नजर तिसरीकडे असताना मुलं जास्त बोलतात. आधी ऐकायचं, आणि ऐकलेलं आपल्या शब्दात परत सांगायचं, म्हणजे तुला वाटलं मी सगळ्यांसमोर बोलले म्हणून, असंच ना? तो हो म्हणेपर्यंत आपली बाजू काढायचीच नाही. मग विचारायचं, पुन्हा असं झालं तर आपण दोघांनी वेगळं काय करायचं. दोघांनी हा शब्द महत्त्वाचा.

राग येऊ नये असा नियम कुणालाही पाळता येत नाही. आमचे तीन आहेत: माणसावर हात नाही, वस्तू फोडायच्या नाहीत, शिव्या नाहीत. बाकी तोंड फुगवणं, दार लावून बसणं, आज बोलणार नाही म्हणणं, सगळं चालतं. वस्तू फुटली तर ती भरून द्यायची, चार्जरचे पैसे त्याच्या पॉकेटमनीतून थोडे थोडे गेले, मी त्यावर भाषण दिलं नाही. फोन महिनाभर जप्त वगैरे लांबलचक शिक्षा रागाच्या भरात ठरवतो आपण आणि चौथ्या दिवशी स्वतःच मोडतो, त्यापेक्षा छोटी, लगेचची, आणि घडलेल्या गोष्टीशी जोडलेली बरी. आणि ज्या दिवशी तो चिडूनसुद्धा फेकाफेक न करता उठून गेला त्या दिवशी ते बोलून दाखवा. 'मगाशी तू उठून गेलास, अवघड होतं ते, लक्षात आलं माझ्या.' एवढंच, फार गोड करू नका, त्यांना लगेच वास येतो.

आपण ओरडलो असलो तर सॉरी म्हणायचं. सॉरी पण तूच माझ्यावर तशी वेळ आणलीस, हे सॉरी नाही. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तो फोनमधून मान वर न करता 'हं' म्हणाला. मला वाटलं होतं मिठी वगैरे.

गप्प बसणारी मुलं

आदळआपट करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, घुम्याकडे जात नाही. धाकटी चिडली की दोन-दोन दिवस एका शब्दात उत्तरं देते, 'काही नाही', 'ठीके'. तिला बोल म्हणून कोंडीत पकडलं की आणखी मिटते. तिच्याशी मी चिठ्ठीने किंवा मेसेजने बोलते, एकाच घरात दोन खोल्यांतून, वेडेपणा वाटतो पण लिहिताना ती चार ओळी लिहिते. असा राग मुलं स्वतःकडेही वळवतात, स्वतःला ओरखडे काढणं, जेवण सोडणं, अशा रूपात, त्यामुळे शांत आहे म्हणजे बरं आहे असं धरून चालू नका.

घरचे उपाय कधी थांबवायचे

मारहाण होतेय, सारखी मोडतोड होतेय, घरातले लोक त्याला घाबरून वागायला लागलेत, शाळेतून परत परत बोलावणं येतंय, दारू किंवा नशेचा संशय आहे, तर काउन्सेलर किंवा मानसोपचारतज्ज्ञ, थांबायचं नाही. मरणाचं किंवा स्वतःला संपवायचं बोलला, रागात का होईना, तर त्याच दिवशी. धमकी देतोय म्हणून सोडून द्यायचं नाही. विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते हा गैरसमज आहे, सरळ विचारा.

एक गोष्ट फार घरांत निसटते. मोठ्या माणसाचं डिप्रेशन उदास दिसतं, मुलांचं बरेचदा चिडकं दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळजवळ रोज धुसफूस, आवडीचं काही करावंसं न वाटणं, झोप-भूक बदललेली, मित्र तुटलेले, असं एकत्र दिसलं तर तो उद्धटपणा समजून शिस्त लावत बसू नका. एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ), अतिचिंता, न पकडली गेलेली वाचन-लेखनाची अडचण, शाळेत चाललेलं बुलिंग, हे सगळं पण वरून रागासारखंच दिसतं.

जाताना ती दोन आठवड्यांची वही बरोबर न्या, चार रकाने असलेली. आम्ही गेलो तेव्हा काउन्सेलरने आधी तीच मागून घेतली, पाच मिनिटं वाचली, आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवून मला म्हणाल्या, इथून सुरू करूया.